कोटीतून सातशे, आणि एक तबकडी

हाल सातवाहनाने कोटी गाथांतून सातशे निवडल्या, असे ‘गाथासप्तशती’ स्वतःच सांगते. कोटीचा आकडा अतिशयोक्त असेल. पण आपल्या मुलखातील एका आद्य संकलनाने आपण काय गाळले याची कबुली आरंभीच दिली, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. सातवाहनांचा शिलालेख जुन्नर तालुक्यातील नाणेघाटात आहे. त्याला लागूनच असलेल्या आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण आहे. या परिसरातील जात्यावरच्या ओव्या सराउंड साउंडमध्ये एकाच तबकडीवर आणायच्या ठरवल्या, तर काय करावे? प्रश्न वरवर तंत्राचा दिसतो. आमच्या मते तो संपादनाचा आहे.

आधी हिशेब पाहू. ४.७ गिगाबाइटच्या डीव्हीडीवर सहा वाहिन्यांचा ध्वनी, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ या प्रतीने, न दाबता साठवला तर जेमतेम दीड तास मावतो. तोच ध्वनी डॉल्बी डिजिटलच्या पद्धतीने सेकंदाला ४४८ किलोबिटपर्यंत दाबला, तर सुमारे तेवीस तास मावतात. म्हणजे तबकडी एकच, पण तिच्यावर पन्नास-साठ ओव्या ठेवायच्या की हजारभर, हे आपण आवाजातले किती सोडायला तयार आहोत यावर ठरते. दाबण्याची ही पद्धत कानाला जाणवणार नाही असे वाटते ते वगळते. ‘जाणवणार नाही’ हा निर्णय मात्र सरासरी कानासाठी बेतलेला असतो. दगडाची घरघर आणि गळ्याची कंपने यांतला भेद त्याला ओळखता येईलच, असे नाही.

मुळात ओवीला सराउंड साउंड कशाला, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर ओवीच्या घडणीतच आहे. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, खुंटा एक, दगड मध्ये. एकीने ओवी उचलायची, दुसरीने धरायची. तिथे रंगमंच नाही आणि श्रोतृवर्गही नाही. दोन वाहिन्यांचे ध्वनिमुद्रण या गाण्याला आपल्यासमोर मांडून ठेवते, म्हणजेच त्याची मैफल करते. सभोवारचा ध्वनी ऐकणाऱ्याला त्या दोघींच्या मध्ये, दगडापाशी नेऊन बसवू शकतो. साहित्याच्या वर्गात ओवी छापील चार चरणांची झाली आणि तिच्यातले श्रम व सोबत दोन्ही गळून पडली. ती काही अंशी परत मिळण्याची ही वाट आहे.

अट एवढीच की, मूळ ध्वनिमुद्रण तसे झालेले असावे. एका किंवा दोन वाहिन्यांच्या जुन्या फितीला यंत्राने प्रतिध्वनी जोडून सहा वाहिन्यांत पसरवणे सोपे आहे, पण तो प्रक्षेप आहे. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, ती अशाच भरीविरुद्ध. पदरची ओवी घालणे गैर मानणारी आपली परंपरा पदरचा घुमारा घालण्याला सुधारणा कसे म्हणेल? जुनी फीत जशी आहे तशीच, तिच्या खरखरीसह द्यावी आणि तसे वेष्टनावर लिहावे.

निवडीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: थोड्या ओव्या, पण पूर्ण. गी पॉइटव्हँ आणि हेमा राइरकर यांच्या प्रकल्पाने हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’वर प्रसिद्ध होऊ लागल्या. संग्रहाचे काम काही न गाळणे हे आहे. तबकडीचे काम वेगळे: एका बैठकीत ऐकता येईल असा क्रम लावणे. दोन्हींची गल्लत झाली की, प्रत्येकीचे अर्धे कडवे घेऊन सगळ्यांना न्याय दिल्याचे समाधान तेवढे उरते.

डिंभ्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बोचरा आहे. या जलाशयाखाली जुने आंबेगाव गेले. ज्या ओसरीवर ओवी म्हटली जाई, त्या ओसरीचा घुमारा कुठल्याही यंत्राला आता पकडता येणार नाही. तिथून उठलेल्या घरातली एखादी आजी नव्या गावठाणातल्या पत्र्याखाली गाईल, तर पत्र्याचाच आवाज येऊ द्यावा. तो पुसून त्या जागी पहाटेच्या पाखरांचा किलबिलाट भरणे म्हणजे विस्थापनच पुसणे होय.

तबकड्यांचा जमाना ओसरला आहे आणि जागेची टंचाई आता राहिलेली नाही, हे खरे. तरीही विद्यार्थ्यांनी हा दीड तासाचा बांध स्वतःवर घालून पाहावा, गाळलेल्या ओव्यांची यादी कारणांसह सोबत जोडावी आणि ती तबकडी आधी गाणाऱ्या बायांना ऐकवावी. आपली कोणती ओवी राहून गेली, हे त्या सांगतील. दुसरी आवृत्ती तिथून सुरू व्हावी.