तो दिवा आधी बंद करा!

आमच्या घरात मला 'बटणमास्तर' म्हणतात. खोलीतून माणूस बाहेर पडला की त्याच्या मागोमाग मी आत जातो आणि दिवा बंद करतो. चाळीस वर्षं हे व्रत चालू आहे. घरच्यांनी त्याला आधी काटकसर, मग चिक्कूपणा आणि अलीकडे म्हातारचळ अशी चढत्या भाजणीनं नावं दिली. सगळी मी मुकाट्यानं ऐकून घेतली. आता घेणार नाही. माझ्या बाजूनं तीस ग्रॅम वजनाचा एक साक्षीदार उभा राहिला आहे.

हा साक्षीदार मला शिकागोत भेटला. तिथं लेक-जावई असतात. सप्टेंबरात गेलो तर झोपेचं घड्याळ पार उलटंपालटं. रोज पहाटे साडेतीनला टक्क जाग. चहा करावा तर भांडी वाजतात, म्हणून मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसू लागलो. वर काळंभोर आभाळ, आणि त्यातून गळक्या नळासारखा मधूनच एकेक आवाज टपकायचा. 'व्हीप'. जरा वेळानं लांबून दुसरा, 'व्हीप'. एखाद्या चिमुकल्या बेडकानं हळूच शीळ घालावी तसा. फक्त हा बेडूक घरांच्या छपरांवरून दक्षिणेकडे चालला होता.

तो स्वेन्सनचा कस्तुर. आपल्याकडे झाडाखालचा पाचोळा उलथून किडे वेचणारा नारिंगी डोक्याचा कस्तुर असतो ना, त्याच्या कुळातला. उन्हाळ्यात कॅनडाच्या जंगलात बाळंतपणं उरकायची आणि हिवाळ्याला पेरू-बोलिव्हियाकडे निघायचं. प्रवास रात्रीचा. रात्री हवा थंड आणि शांत, ससाणे झोपलेले. दिवसा उतरून पोटपूजा. आणि वाटेत एकमेकांना ही हाक. ती गाणं नव्हे. गर्दीच्या गाडीत वेगवेगळ्या डब्यांत चढलेल्या मंडळींचं 'अहो, आहात ना?' इतकंच.

कान बसला की हाकाही ओळखता येतात. व्हीरी नावाचा त्याचा भाऊबंद जरा खरखरीत, खाली घसरत जाणारा सूर लावतो. करड्या गालाच्या कस्तुराची हाक वरच्या पट्टीतली आणि किरकिरी. वॉर्बलर म्हणून जी इवलीशी पाखरं जातात त्यांच्या हाका इतक्या वरच्या पट्टीत असतात की साठी उलटलेल्या कानांना त्या सहसा लागतच नाहीत. कस्तुर त्या मानानं खालच्या पट्टीतला. म्हाताऱ्यांसाठी निसर्गानं ठेवलेला हा राखीव कोटाच म्हणायचा.

"पण बाबा, दिसतच नाही तर तो आहे कशावरून?" जावईबापू म्हणाले.

अहो, शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसन म्हणून गाव आहे. १८९६ च्या सप्टेंबरात लिबी नावाचे एक गृहस्थ तिथल्या टेकडीवर रात्री बसले आणि एका रात्रीत साडेतीन हजारांवर हाका मोजून उठले. ना मोबाइल, ना यंत्र. पुढं १९७३ साली बिल कॉक्रन यांनी एका कस्तुराच्या पाठीवर बारकासा रेडिओ चिकटवला आणि गाडीच्या टपावर अँटेना लावून रात्री-रात्री त्याच्या मागं गाडी दामटली. इलिनॉयपासून पार कॅनडातल्या मॅनिटोबापर्यंत, सुमारे दीड हजार किलोमीटर! कुणी अडवून विचारलं असतं, 'कुठं निघालात?' तर काय सांगणार? 'वर जो चाललाय, तो नेईल तिकडे.'

बरं, या वाटा ठरतात त्या रक्तातून. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कस्तुर समुद्राच्या कडेनं मेक्सिकोकडे उतरतात. थोडं आत राहणारे पूर्वेचा वळसा घालून दक्षिण अमेरिका गाठतात. या दोन घराण्यांत सोयरीक झाली तर पुष्कळदा पोरं मधलीच वाट धरतात, आईची नाही आणि बापाचीही नाही. आंतरजातीय विवाहावर आमच्या वेळी जी व्याख्यानं झाली, त्यांत हा मुद्दा कुणीच कसा घेतला नाही, नवल आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. ४ ऑक्टोबर २०२३ ची रात्र. शिकागोत तळ्याकाठी मॅककॉर्मिक प्लेस नावाची अवाढव्य काचेची इमारत आहे. सकाळी तिच्या पायथ्याशी साडेनऊशेहून जास्त पाखरं मरून पडलेली. एका इमारतीखाली, एका रात्रीत! तिथल्या फील्ड म्युझियमचे डेव्हिड विलार्ड १९७८ पासून तिथली मेलेली पाखरं गोळा करून नोंदी ठेवत आले. त्या वह्यांवरून २०२१ साली हिशेब निघाला, की खिडक्यांतला उजेड कमीत कमी ठेवला तर मृत्यू साठ टक्क्यांनी खाली येतील. बटण दाबायचं, बस. आमच्या घरी ज्याला म्हातारचळ म्हणतात तेच.

याहून वाईट एक गोष्ट आहे. २०१९ साली सुमारे सत्तर हजार टकरींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की रात्री हाका मारणाऱ्या जातीच जास्त मरतात. संशोधकांचा तर्क असा, की उजेडानं भांबावलेलं पाखरू हाक मारतं आणि ती ऐकून बाकीचे तिकडेच वळतात. जी हाक सोबतीसाठी, तीच सोबत्यांना काचेवर नेते. हे वाचलं आणि त्या दिवशी माझा चहा तसाच निवला.

"पण बाबा, घर उजळलेलं बरं दिसतं," जावयांचा पुढचा मुद्दा. कुणाला बरं दिसतं? पहाटे साडेतीनला रस्त्यावर चिटपाखरू नसतं. जे असतं ते वर असतं, आणि त्याला ते अजिबात बरं दिसत नाही. 'सुरक्षितता' म्हणाल, तर चोरालाही कुलूप दिसायला उजेड लागतो. आणि 'खर्च फार' म्हणाल, तर त्याच मॅककॉर्मिक प्लेसच्या काचांवर २०२४ साली ठिपक्यांचा कागद डकवला, आणि त्या मोसमात मृत्यू सुमारे पंचाण्णव टक्क्यांनी घटले. दिवा विझवायला तर तेवढाही खर्च नाही, उलट बिल कमी येतं. उगाच नाही मी चाळीस वर्षं शिव्या खाल्ल्या!

आपल्याकडे वेगळं काही आहे असं समजू नका. पावसाच्या तोंडाशी नवरंग रात्रीच प्रवास करत येतो आणि मुंबईत कुणाच्या तरी बाल्कनीत दमून, धडकून पडलेला सापडतो. लोक कौतुकानं फोटो काढतात. आणि आम्ही झाडांच्या बुंध्यांना दिव्यांच्या माळा गुंडाळून त्याला सुशोभीकरण म्हणतो. झाडाला झोप नाही, पाखराला वाट नाही, आणि शोभा कुणाची, ते विचारू नये.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर चार प्रखर दिवे रात्रभर जळतात. गच्चीला कुलूप असतं. रविवारच्या सभेत हा विषय घ्यावा असं मी सेक्रेटरींना लेखी कळवलं. पाण्याची टाकी आणि पार्किंग यांच्यानंतर, 'आयत्या वेळचे विषय' या सदरात त्यांनी तो घातला आहे.