बाहुलीचा पोशाख आणि बाहुलीचा बांधा

बार्बी या अमेरिकन बाहुलीवरील चित्रपटाने २०२३ साली जगभर शंभर कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळविले, तेव्हा ती स्त्रीमुक्तीची पुरस्कर्ती की सौंदर्याच्या बाजाराची दूती, हा जुना वाद पुन्हा रंगला. या वादात बाहुलीच्या अर्थकारणाकडे सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः तिच्या इतिहासाची किल्ली तेथेच आहे.

मॅटेल कंपनीने ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात बार्बी प्रथम मांडली. तोवर अमेरिकेतील मुली बहुधा तान्ह्या बाळांच्या बाहुल्यांशी खेळून आईपणाचाच सराव करीत. कंपनीच्या संस्थापिका रूथ हँडलर यांची कन्या बार्बरा मात्र कागदी बाहुल्यांना मोठ्या स्त्रियांच्या भूमिका देई. पुढे युरोपच्या प्रवासात हँडलर यांना ‘लिली’ ही जर्मन बाहुली दिसली. वृत्तपत्रातील व्यंगचित्रमालेतून जन्मलेली लिली मुख्यतः प्रौढ पुरुषांच्या थट्टामस्करीची वस्तू होती. बार्बी घडली ती तिच्याच बांध्यावर. मुलींच्या भावी आयुष्याचे स्वप्न अशा रीतीने पुरुषांच्या नजरेने घडविलेल्या देहात अवतरले.

बाहुली तीन डॉलरला मिळे. पोशाख निराळे घ्यावे लागत. खरा व्यापार तोच. साहजिकच पोशाख काळाबरोबर झपाट्याने बदलले. चंद्रावर मानवाचे पाऊल पडण्याच्या चार वर्षे आधी, १९६५ साली, बार्बी अंतराळवीर झाली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका संचात मात्र ११० पौंडांवर काटा स्थिरावलेला वजनकाटा होता आणि वजन घटविण्याविषयीचे इवलेसे पुस्तकही. त्यातील सल्ला उपाशी राहण्याचा! ख्रिस्ती ही कृष्णवर्णीय मैत्रीण १९६८ मध्ये आली. ‘बार्बी’ हेच नाव धारण करणारी कृष्णवर्णीय बाहुली येण्यास १९८० साल उजाडले. किरकोळ फेरफार वगळता बांधा तसाच राहिला. एका साच्याच्या देहावर सारे पोशाख चढविता येतात, ही सोय कोणता व्यापारी सोडील?

अखेर २०१६ मध्ये उंच, ठेंगणी आणि भरदार अशा तीन नव्या बांध्यांच्या बार्बी आल्या. स्त्रीवादी टीका त्यापूर्वी कित्येक दशके चालू होती. कंपनीला जाग आली ती विक्रीचे आकडे काही वर्षे सतत घसरल्यानंतर.

यातील बोध खेळण्यांपुरता नाही. मुलींनी डॉक्टर व्हावे, वैमानिक व्हावे, हे बाजार आनंदाने मान्य करतो. कारण प्रत्येक नव्या भूमिकेबरोबर एक नवा पोशाख खपतो. आहे त्या देहात समाधानाने राहण्याचे स्वातंत्र्य मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. ते घरातच द्यावे लागते.