भाड्याचें रान

मे महिन्याची सुटी जवळ आली कीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून एक नवा विधि हल्लीं नेमानें पार पडूं लागला आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाचें नांव एखाद्या निसर्ग-शिबिरांत नोंदवावयाचें, त्याच्या पाठीवर त्याच्याहून मोठी पिशवी लटकवावयाची, पहाटे त्यास बसमध्यें बसवून हात हलवावयाचा, आणि पांचव्या दिवशीं टोपी, छापील सदरा व प्रशस्तिपत्र यांसह त्यास परत ताब्यांत घ्यावयाचें. दरम्यान मुलानें दोरावरून दरी ओलांडलेली असते, शिटीच्या इशाऱ्यावर जेवण उरकलेलें असतें आणि रात्रीं शेकोटीभोंवतीं चित्रपटांतील गाण्यांवर नाच केलेला असतो. त्याचीं छायाचित्रें रोज रात्रीं आईबापांच्या मोबाइलवर येऊन पडतात, आणि मुलास आपण निसर्ग दिला या समाधानांत तीं दोघें झोंपीं जातात.

आमची तक्रार शिबिरें चालविणाऱ्यांविरुद्ध नाहीं. गिऱ्हाईक आहे म्हणून दुकान आहे. तक्रार गिऱ्हाइकांविरुद्ध आहे, आणि तीं गिऱ्हाइकें बव्हंशीं या मासिकाच्या वाचकवर्गांतलींच असल्यामुळें ती येथें मांडणेंच सरळपणाचें होईल. आमचें म्हणणें असें कीं, दहा वर्षांखालील मुलास रानाची ओळख त्याच्या घरच्या माणसांनींच, पायीं, घराजवळच्या रानांत आणि वारंवार करून दिली पाहिजे. हें काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेतां येत नाहीं. बारा-चौदा वर्षांच्या मुलांची गोष्ट निराळी. तीं समवयस्कांत चार रात्री घराबाहेर राहिलीं तर त्यांत त्यांचें हितच आहे.

लहान मूल आपल्यासारखें चालत नाहीं. तें दहा पावलें धांवतें आणि पाव तास थांबतें. वाटेच्या कडेस कोरड्या मातींत एक किडा नरसाळ्यासारखा खड्डा करून, तळाशीं दडून मुंगीची वाट पाहत असतो. मुंगी काठावर आली कीं खालून मातीचा मारा करून तो तिला घसरवतो. पांच वर्षांचें मूल या खड्ड्यापाशीं उकिडवें बसलें तर अर्धा तास हलत नाहीं. पहिला पाऊस पडून गेल्यावर मखमलीसारखा तांबडा मृगाचा किडा दिसला कीं सगळी सहल तेथेंच संपली म्हणून समजावें. आतां चाळीस मुलें आणि दोन मार्गदर्शक अशा तांड्यांत एका मुलासाठीं एकोणचाळीस जणांनीं थांबावें हें कसें जमणार? मार्गदर्शक भला असला तरी त्यास 'चला, पुढें चला' म्हणावेंच लागतें. थांबण्याची ऐपत फक्त आईबापांस, आजीआजोबांस, काकामामांस असते. दुर्दैव असें कीं हींच मंडळी, मुलास घेऊन टेकडीवर गेलींच तर, मनगटावरच्या यंत्रांत पावलें मोजीत पुढें निघून जातात.

मराठीच्या अध्यापकास या प्रकाराचें एक निराळेंच दुःख आहे. पाणंद म्हणजे काय, हें बी. ए.च्या वर्गास समजावून सांगण्याची पाळी आमच्यावर दरवर्षीं येते. दोन शेतांमधून, दोन्हीकडे कुंपणाची झाडी असलेली, पावसाळ्यांत चिखलानें भरणारी ती अरुंद वाट आम्ही फळ्यावर काढून दाखवितों, आणि विद्यार्थी ती वहींत उतरून घेतात. ओहळ आणि ओढा, माळ आणि सडा, खिंड आणि घळ, डोंगराची सोंड आणि त्याचें नेढें यांतील भेद या मुलांस ठाऊक नाहीं. आणि तीं बुद्धीनें मुळींच कमी नाहींत. हे शब्द त्यांस योग्य वयांत कोणी पायाखालीं घालूनच दिले नाहींत. सोंड चढतांना दम लागला कीं तो शब्द मुलास पुन्हां सांगावा लागत नाहीं. मातृभाषेच्या ऱ्हासाबद्दल सभांतून अश्रु ढाळणाऱ्या गृहस्थांनीं रविवारची एक सकाळ नातवाबरोबर बांधावरून चालण्यांत घालविली, तर त्या सभांपेक्षां भाषेचें भलें अधिक होईल.

बहिणाबाई चौधरी यांची सुगरणीच्या खोप्यावरील कविता महाराष्ट्रांतील असंख्य मुलांनीं पाठ केली आहे. त्यांपैकीं कितींनीं पावसाळ्यांत विहिरीवर वांकलेल्या बाभळीस लोंबणारा अर्धामुर्धा खोपा पाहिला आहे? पाहिला असता तर एखाद्या चौकस मुलीनें वर्गांत उभें राहून नक्की विचारलें असतें कीं, बाई, खोपा तर नर विणतो. मादी येऊन तपासते आणि पसंत न पडल्यास निघून जाते, मग कवितेंत असें कां? यांत कवितेचा अपमान नाहीं. कविता आणि सृष्टि या दोहोंकडे एकाच वेळीं डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्या वाचकाचा जन्म अशाच प्रश्नांतून होतो.

वेळ नाहीं, हा पहिला आक्षेप. याचें उत्तर देण्यांत आम्ही वेळ दवडणार नाहीं. वातानुकूलित बाजारांतून रविवारीं संध्याकाळीं दिसणाऱ्या चेहऱ्यांनीं तें दिलेंच आहे. मोकळ्या उजेडांत खेळणाऱ्या मुलांस लांबचें न दिसण्याचा दोष कमी जडतो, असें नेत्रवैद्यांनीं दाखवून दिलें आहे. हा मुद्दा आम्ही मोठा करीत नाहीं, कारण मग टेकडीवर जाणें हेंही च्यवनप्राशाच्या चमच्यासारखें होऊन बसेल.

दुसरा आक्षेप भीतीचा, आणि तो पोकळ नाहीं. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणामागच्या धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच माणसें वाहून गेलीं; त्यांत लहान मुलें होतीं. त्या कुटुंबास दोष देणें माणुसकीस सोडून होईल. परंतु त्या दिवसापासून मुलांस पावसाळ्यांत दाराबाहेर न काढण्याची जी शपथ कित्येक घरांनीं घेतली, ती मात्र आम्हांस पटत नाहीं. डोंगरमाथ्यावर पाऊस कोसळला कीं पायथ्याशीं ऊन असतांही ओढा पाहतां पाहतां चढतो. पाणी गढूळ होऊं लागलें कीं काठावर यावयाचें. पावसाळ्यांत प्रवाहाच्या मधल्या खडकावर बसावयाचेंच नाहीं. या गोष्टी सूचनाफलकानें कळत नाहींत. एकाच ओढ्याच्या काठीं, सुरक्षित अंतरावर, आषाढापासून मार्गशीर्षापर्यंत दहा वेळां उभें राहिलेल्या मुलास त्या कळतात. सापांचेंही तेंच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चौघांच्या भीतीनें अख्खें शिवार वर्ज्य करण्यापेक्षां दगडाखालीं हात घालूं नये, गवतांत काठी आपटीत चालावें, अंधारांत विजेरीवांचून पाऊल टाकूं नये, हे तीन नियम मुलास लावून द्यावेत.

तिसरा आक्षेप उघडपणें कोणी बोलत नाहीं. पायीं हिंडणें हें गरिबाचें लक्षण, आणि सहलीस पायीं हिंडणें हें साहेबी खूळ, अशा दोन परस्परविरोधी समजुती आमचा मध्यमवर्ग एकाच डोक्यांत सुखानें नांदवितो. कार्तिकांत आवळीच्या झाडाखालीं बायकामुलांसह जेवावयास जाणारे आमचे पूर्वज कोणत्या साहेबाचे शागीर्द होते? आणि खुद्द साहेबाच्या देशांत तरी रानांत फिरण्याचा हक्क बड्या लोकांनीं आपखुषीनें दिलेला नाहीं. १९३२ सालीं मँचेस्टरच्या बाजूचे कामकरी तरुण, जमीनदारांनीं पक्ष्यांच्या शिकारीसाठीं राखलेल्या किंडर स्काउट या डोंगरावर मनाई मोडून चढले, आणि त्यांतील पांचजणांस तुरुंगांत जावें लागलें. माळावर व डोंगरावर मोकळेपणीं चालण्याचा कायदा तेथें २००० सालीं झाला. ज्या गोष्टीसाठीं गिरणीकामगारांनीं तुरुंग पत्करला, ती आम्हांस हलकी वाटावी, हें आमच्या शिक्षणाचें फळ म्हणावयाचें!

गरीब मुलांस रान असतें म्हणून त्यांस शाळा मिळत नाहीं, आणि आमच्या मुलांस शाळा असते म्हणून रान मिळत नाहीं. यांतील पहिला अन्याय ताराबाई मोडक यांनीं ओळखला होता. १९४५ सालीं बोर्डीस ग्रामबालशिक्षणाचें काम सुरू केल्यावर, गुरें राखणारीं मुलें शाळेंत येत नाहींत असें पाहून, त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं शाळाच कुरणावर नेली. 'कुरणशाळा' हें त्या प्रयोगाचें नांव. दुसरा अन्याय दूर करण्यास अशी थोर माणसें लागत नाहींत. एक बाप आणि पाण्याची एक बाटली पुरते.

आतां तंबूविषयीं. पवना धरणाच्या कांठीं शनिवारीं रात्रीं रंगीबेरंगी तंबूंच्या रांगा लागतात. आयता पलंग, आयता रस्सा, मध्यरात्रीपर्यंत गाणीं. मूल तेथें जें ऐकतें तें शहरांतही ऐकूं येतें, आणि रातकिडा मात्र ऐकूं येत नाहीं. काजव्यांची दुर्दशा याहून वाईट आहे. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या बाजूस, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत, हजारों काजवे झाडांवर एका लयींत उजळतात. तो प्रकाश म्हणजे नरमाद्यांचें एकमेकांस संकेत देणें होय. तें पाहण्यासाठीं मोटारींची रीघ लागते, दिव्यांच्या झोतांत काजव्यांचे संकेत बुडून जातात आणि जमिनीवरच्या माद्या पायांखालीं चिरडतात. मुलास काजवा दाखवावयाचा म्हणून काजव्याचाच संसार मोडावयाचा! त्यापेक्षां आपल्या नाहींतर स्नेह्याच्या शेतांत, मालकास विचारून, एक साधें कापड बांधावें. भात मुलांदेखत शिजवावा, दिवा मालवावा आणि निजावें. आमचे धनगर दिवाळी झाल्यावर देशावरून कोंकणांत उतरतात तेव्हां घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, कोंबड्या आणि तान्हीं मुलें घेऊन रोज नव्या शेतांत मुक्काम करतात. त्यांची गरज आणि आमची हौस यांची बरोबरी आम्ही करीत नाहीं. परंतु उघड्यावर एक रात्र निजल्यानें मुलास सर्दी होईल ही धास्ती घेणाऱ्या आयांनीं तो तांडा एकदां पाहावा.

लांबचें रान हवेंच असें नाहीं. मुंबईकरांस बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यान व त्यांतील कान्हेरी, नाशिककरांस पांडवलेणीं, पुणेकरांस वेताळ टेकडी आहे. या वेताळ टेकडीतून रस्ता व बोगदे काढण्याचा बेत पुढें आला तेव्हां २०२३ च्या एप्रिलांत हजारों पुणेकर तिच्यासाठीं रस्त्यावर उतरले. त्यांत रोज तिच्यावर चालणारे लोक मोठ्या संख्येनें होते, हें सांगावयास नकोच. आज शिबिरांत रान पाहणारें मूल तीस वर्षांनीं कोणत्या टेकडीसाठीं रस्त्यावर उतरेल? त्यास एकही टेकडी नांवानिशीं ठाऊक नसेल.

सह्याद्रींत कारवी फुलते ती सात-आठ वर्षांनीं एकदां. सगळा उतार जांभळा होतो, मधमाश्या गुणगुणतात, आणि बीं धरून तीं झुडुपें मरून जातात. मूल चार वर्षांचें असतां ती हुकली, तर पुढच्या खेपेस तें बारा वर्षांचें आणि शिकवण्यांच्या फेऱ्यांत असतें. त्यापुढच्या खेपेस वीस वर्षांचें आणि बहुधा परदेशीं.

राहतां राहिला आमच्या घरांतील स्त्रियांचा नेहमींचा प्रश्न, कीं मूल वाटेंत थकलें म्हणजे काय करावयाचें? थकलें तर बसावें. गूळ-शेंगदाणे काढावेत, पाणी पाजावें, मुंग्या कोठें चालल्या आहेत तें पाहावें. तरीही उठेना तर शिखर सोडून द्यावें आणि मुलास खांद्यावर घेऊन परतावें. वैशाखांत उतरतांना तर खांद्यावरच्या मुलाचा हात करवंदीच्या जाळीच्या माथ्यास पोंचतो, आणि वरचीं, उन्हांतलीं करवंदें आधीं पिकलेलीं असतात.