परवाना : स्वस्त की स्वाधीन?
लहानशा संस्थेच्या संकेतस्थळासाठी सर्व्हर घेताना यंत्राच्या किमतीवर घासाघीस होते. परवान्याच्या अटी मात्र क्वचितच वाचल्या जातात. विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीचा परवाना २०१६ पासून प्रोसेसरच्या कोअरवर मोजला जातो. यंत्रात ४ कोअर असले, तरी किमान १६ कोअरचा परवाना घ्यावाच लागतो.

म्हणून ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणणेही उतावीळपणाचे. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळणे अपेक्षित होते. तो २०२१ अखेरीसच थांबला. तरीही परवाना मुक्त असल्यामुळेच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे पर्याय त्याच वर्षी उभे राहू शकले. १९९३ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालणारे डेबियन तर आहेच.

तेव्हा प्रश्न केवळ पैशांचा नाही, स्वाधीनतेचा आहे. परक्या आडाचे पाणी फुकट असले, तरी दोर कोणाच्या हाती आहे, हे आधी पाहावे!