दुवा आणि आधार

‘सोपारा’ या एका शब्दावरून परवां आमच्या घरीं सकाळचा चहा निवून गेला. नातीच्या वर्गांतील मुलांनीं वसईच्या माहितीचीं पानें संगणकावर मिळून लिहावयास घेतलीं आहेत. लिहितांना एखादा शब्द खुलासा मागूं लागला, कीं तो खुलासा करणाऱ्या दुसऱ्या पानाशीं जोडून द्यावयाचा. या जोडणीस ‘दुवा’ म्हणतात. नातीचा विषय अशोकाचा शिलालेख. मीं ‘सोपारा’ या शब्दावर बोट ठेवलें, तों पुढें उघडलें तें नालासोपारा रेल्वे स्थानकाचें पान! शूर्पारकाच्या प्राचीन बंदरांत उतरावयाचें, तों आम्ही फलाटावर उभे!

ही रीत तशी नवी नव्हे. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस भाग ज्यांनीं चाळले आहेत, किंवा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखालीं १९७६ पासून खंडशः निघूं लागलेला मराठी विश्वकोश ज्यांच्या घरीं आहे, त्यांस एका नोंदीनें दुसरीकडे पाठविणें ठाऊक आहेच. विश्वकोशांत त्यासाठीं बाणाची खूण असते. मात्र तेव्हां उठून फळीवरचा दुसरा खंड काढावा लागे. २००३ पासून चाललेल्या मराठी विकिपीडियावर शब्दाभोवतीं चौकटी कंसांची दुहेरी जोडी घातली कीं काम झालें. जोडलेलें पान अस्तित्वांत असेल तर शब्द निळा दिसतो, नसेल तर तांबडा. तांबडा शब्द म्हणजे चूक नव्हे. ‘हें पान कोणीतरी लिहावें’ अशी ती हांक आहे.

पण श्रम कमी झाले कीं दक्षताहि कमी होते. म्हणून नातीस मीं तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, दुवा नेमक्या पानाचा द्यावा. घर विचारणाऱ्यास नुसतें गांवाच्या वेशीपर्यंत नेऊन सोडूं नये. दुसरी, शब्द प्रथम येईल तेथेंच तो जोडावा. ‘दगड’ आणि ‘पाणी’ यांना दुवे देत बसल्यास वाचकास खरी वाट सांपडत नाहीं. तिसरी, जोडण्यापूर्वीं तें पान स्वतः उघडून वाचावें. तिनें लागलीच दुवा सुधारला आणि विचारलें, “आजोबा, आतां माझें म्हणणें सिद्ध झालें ना?”

नाहीं, आणि येथेंच पुष्कळांची फसगत होते. दुवा हा खुलासा आहे, आधार नव्हे. सोपाऱ्याच्या पानावर शिलालेखाचें पान टेकलें, शिलालेखाचें पान पुन्हा सोपाऱ्याच्या पानावर टेकलें, तर नैयायिक त्यास अन्योन्याश्रय दोष म्हणतील. विकिपीडियाचाहि नियम असाच आहे कीं, तेथील एक पान दुसऱ्या पानाचा पुरावा होऊं शकत नाहीं. आधार बाहेरच्या ग्रंथाचा आणि पडताळतां येण्याजोगा हवा. मूळ आधार नसलेलें कांहीं लिहिणार नाहीं, ही मल्लिनाथाची प्रतिज्ञा तरी याहून वेगळी कोठें होती?

हें सांगतांना मला एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती सांगितल्याविना हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. सोपाऱ्यास अशोकाच्या लेखाचा एकच तुकडा मिळाला, तो पंडित भगवानलाल इंद्रजी यांस १८८२ सालीं मिळालेला आठव्या आदेशाचा, असें मी वर्षानुवर्षें शिकवीत असें. एकदां एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, आणखी एक मिळाला आहे.” मीं विचारलें, “कोठें वाचलेंस?” तो म्हणाला, “काका सांगत होते.” मीं त्यास खालीं बसविलें, आणि वर्ग हंसला. पुढें पुष्कळ वर्षांनीं माझ्या वाचनांत आलें कीं, १९५६ सालीं जवळच्या भुईगांवास नवव्या आदेशाचा तुकडा सांपडला होता! मुलाजवळ पान नव्हतें हें खरें. पण मजजवळ तरी कोठें होतें? मीं एका जुन्या पुस्तकावर विसंबून शिकविलें आणि त्या पुस्तकाचें नांवहि वर्गास कधीं सांगितलें नाहीं. त्या मुलापाशीं नुसता शब्द होता, तसा मजपाशींहि; माझ्या हातांत छडी होती, एवढाच फरक.

आपल्या घरांतूनहि हेंच चालतें. “शास्त्रांत सांगितलें आहे,” असें आपण वडीलधारीं माणसें म्हणतों, आणि नातवंडानें “कोठें?” म्हणून विचारलें कीं त्यास उर्मट ठरवितों. वस्तुतः तो प्रश्न उद्धटपणाचा नाहीं, अभ्यासाचा आहे. ग्रंथ काढून पान दाखवावें. आठवत नसेल तर “शोधून सांगतों” म्हणावें. त्यानें वडीलपणास उणेपणा येत नाहीं.

नातीनें आतां भुईगांवचा तुकडा आपल्या लेखांत घातला असून, ज्या पुस्तकांतून ती माहिती घेतली त्याचें नांव व पृष्ठांक खालीं दिला आहे. ‘भुईगांव’ हा शब्द मात्र अद्याप तांबडा आहे. तें पान मीच लिहावें, असा घरांतल्या सर्वांचा आग्रह आहे. त्या मुलाचें माझ्याकडे एवढें तरी देणें लागतें.