वजन किती, आणि किती लांब?

अमेरिकेत उन्हाळा लागला की राष्ट्रीय उद्यानांकडे निघालेल्या एसयूव्हींच्या पाठीमागे सायकली दिसू लागतात. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत तिथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या गाड्याही त्यांत असतात. ट्रेलर ओढण्यासाठी बंपरखाली बसवलेल्या हिचला एक चौकोनी पोकळ तोंड असते, त्याला रिसीव्हर म्हणतात. त्यात रॅकची पोलादी नळी सरकवायची, आरपार पिन घालायची की रॅक तयार. काही महिन्यांनी या रॅकचे मागचे टोक खाली झुकलेले दिसते. मग कोणी म्हणते सायकली जड झाल्या, कोणी म्हणते रॅकच हलका निघाला, आणि बहुतेक जण पट्टा आणून रॅक मागच्या दाराला आवळून टाकतात. मला हे निदानही चुकीचे वाटते आणि उपायही. झुकण्याचे मूळ बहुतेक वेळा नुसत्या वजनात नसते. ते वजन गाडीपासून किती लांब टांगले आहे यात असते. रॅक आणि हिच विकणारे मात्र खोक्यावर फक्त वजन छापतात, अंतर छापत नाहीत. ही उणीव त्यांनी दूर करायला हवी, आणि ती दूर होईपर्यंत गाडीवाल्याने स्वतः टेप घेऊन मोजायला हवे.

आधी झुकते कसे ते पाहू. मोठ्या रिसीव्हरचे तोंड आतून २ इंच, म्हणजे साधारण ५० मिलिमीटर असते. नळी सहज आत जावी म्हणून दोहोंमध्ये थोडी फट ठेवावीच लागते. मेकॅनिक तिला 'प्ले' म्हणतात. समजा ही फट २ मिलिमीटर आहे आणि नळी २० सेंटिमीटर आत गेली आहे. तेवढ्या फटीने नळी जितकी तिरकी होते, तितक्याने रॅकचे १२० सेंटिमीटर लांब असलेले टोक १२ मिलिमीटर खाली येते. फट सहापट होऊन टोकाला दिसते. रॅक उभा दुमडण्यासाठी जो सांधा असतो त्याचा प्ले यात मिळवा. सव्वा इंची रिसीव्हरमध्ये २ इंची रॅक बसवण्यासाठी ॲडॅप्टर घातला असेल तर आणखी एक फट वाढते, शिवाय रॅक काही इंच आणखी मागे जातो. म्हणजे एकही भाग मोडलेला, वाकलेला नसताना रॅक दोन-तीन सेंटिमीटर झुकू शकतो. एवढे झुकणे हा दोष नव्हे. काही रॅक तर रिकामे असताना मुद्दाम किंचित वर उचललेले असतात, भार आल्यावर सपाट व्हावेत म्हणून.

खरी अडचण पुढे आहे. 'माझी हिच ५०० पौंडांची आहे, सायकली आणि रॅक मिळून २०० पौंडसुद्धा भरत नाहीत, मग काळजी कसली?' हा आक्षेप नेहमी येतो आणि वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. पण ते ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो, ट्रेलरच्या जिभेचे, म्हणजे पुढच्या दांड्याचे, उभे वजन आहे आणि ते ट्रेलर जोडायच्या हिचच्या गोळ्यावर पडते. गोळा पिनपासून साधारण २५ सेंटिमीटरवर असतो. आता दोन इ-सायकली घ्या, प्रत्येकी ३० किलोच्या, आणि २५ किलोचा प्लॅटफॉर्म रॅक. एकूण ८५ किलो. या भाराचा मध्य पिनपासून ६० सेंटिमीटरवर धरला तर २२७ गुणिले २५ आणि ८५ गुणिले ६० हे दोन आकडे जवळपास येतात: ५,६७५ आणि ५,१००. पाव टनाची वाटणारी हिच दोन सायकलींनीच जवळजवळ भरली. भरलेली बादली अंगाशी धरून कोणीही चालेल. तीच हात लांब करून धरली की मनगट आधी हार मानते. सव्वा इंची रिसीव्हरच्या हलक्या हिचची मर्यादा बहुधा २०० पौंड, म्हणजे ९१ किलो असते. तिच्यासाठी हेच गणित केले तर ६० सेंटिमीटरवर ३८ किलोच उरतात, आणि त्यात रॅकचे वजनही आले. हिच तुटायच्या मर्यादेपेक्षा बरीच खाली तोलून विकली जाते, त्यामुळे एवढ्याने ती लगेच मोडेल असे मी म्हणत नाही. पण रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यावर हा भार क्षणभर वाढतो, आणि तो वर्षानुवर्षे वाढत-घटत राहिला की वेल्डिंग, बोल्ट आणि सांधे थकतात. रॅकमागे रॅक लावण्यासाठी किंवा तो बंपरपासून दूर नेण्यासाठी एक्स्टेंडर लावले की अनेक कंपन्या मर्यादा सरळ निम्म्यावर आणतात. त्यांनाही अंतराचे महत्त्व पुरते ठाऊक आहे, हे त्यावरून उघड होते.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात पान्याने नव्हे, मोजण्याने व्हावी. गाडी सपाट जागी उभी करा. रिसीव्हरची जमिनीपासूनची उंची आणि रॅकच्या टोकाची उंची, दोन्ही रिकाम्या रॅकने आणि मग सायकली लावून घ्या. दोन्ही जवळपास सारख्याच खाली आल्या तर गाडीचे मागचे सस्पेन्शन दबते आहे, रॅक निर्दोष आहे. रिसीव्हर जागच्या जागी आणि टोकच खाली, तर दोष रिसीव्हरपासून मागे आहे. रिसीव्हरच खाली येऊन तिरपा होत असेल तर हिच आणि गाडीची चौकट यांच्या जोडात पाहायला हवे. मग टोक हाताने वरखाली हलवा आणि दुसऱ्या कोणाला जवळून बघायला सांगा: नळी रिसीव्हरच्या तोंडाशी हलते, दुमडायच्या सांध्याशी हलते, की अख्खी हिच गाडीच्या बुडाशी हलते? पहिल्या ठिकाणी हलत असेल तर रॅकमधला आत फुगणारा वेज आवळा किंवा बाहेरून यू-आकाराचा क्लॅम्प लावा. पिनही त्याच मापाची हवी: २ इंची रिसीव्हरला पाच-अष्टमांश इंच, सव्वा इंचीला अर्धा. बारीक पिनही आत बसते, पण ती ढिली राहते आणि भोक मोठे करते. दुसऱ्या ठिकाणी हलत असेल तर सांध्याचा बोल्ट आणि बुशिंग बदलावे लागतात. तिसरे ठिकाण सगळ्यात गंभीर. हिचचे बोल्ट ठरावीक टॉर्कने आवळलेले आहेत का ते पाहायचे, आणि वेल्डिंगजवळ गंज किंवा बारीक चीर दिसली, तर तो भाग कामातून काढायचा. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. तिथे ही तपासणी दरवर्षी करावी.

आता पट्ट्याविषयी. पट्ट्याने रॅकचे डावी-उजवीकडे डोलणे कमी होते हे खरे, आणि निर्मात्याने तसे सांगितले असेल तर तो जरूर लावावा. पण झुकणे लपवण्यासाठी पट्टा लावला की तो भार मागच्या दाराच्या बिजागरांवर जातो, आणि ती बिजागरे त्यासाठी केलेली नसतात. त्याहून वाईट म्हणजे वाढत जाणारा दोष दिसेनासा होतो. 'वर्षभर झुकलेलाच आहे, काही झाले नाही' असे म्हणणाऱ्यांना एकच विचारावे: गेल्या वर्षी टोक किती उंच होते, ते लिहिले आहे का? स्थिर असलेले झुकणे आणि दर महिन्याला वाढणारे झुकणे डोळ्यांना सारखेच दिसतात. दरम्यान टोक उताराला घासू लागते आणि खालचे चाक एक्झॉस्टच्या धुराड्यासमोर येऊन टायर भाजू शकते.

कंपन्या म्हणतील, अंतर आणि वजनाचा गुणाकार गिऱ्हाइकाला कळणार नाही. हे मला मान्य नाही. युरोपात गोळ्यावर बसणारे सायकल-रॅक सर्रास वापरतात, आणि तिथल्या काही गाड्यांच्या पुस्तिकांत वजनाबरोबर गोळ्यापासूनचे अंतरही दिलेले असते; अंतर वाढले की परवानगीचे वजन कमी. चार ओळींचा तक्ता असतो, आणि तो वाचायला इंजिनीअर व्हावे लागत नाही. इ-सायकली येण्यापूर्वी हा तक्ता नसला तरी भागून जाई, कारण सायकल १२-१५ किलोची असे. आता वजन दुप्पट झाले आहे आणि रॅकही लांब झाले आहेत.

महाराष्ट्रात हिचऐवजी दाराला पट्ट्यांनी बांधायचे रॅक सर्रास दिसतात, आणि काही एसयूव्हींच्या मागच्या दारावर स्टेपनीही असते. तिथे सगळा भार बिजागरांवर आणि पट्ट्यांच्या आकड्यांवर येतो, आणि आपले स्पीडब्रेकर तो दर काही मिनिटांनी हलवतात. नियम तोच लागू पडतो. त्यामुळे रॅक विकत घेताना दुकानदाराला किती किलो हे विचाराच, पण भाराचा मध्य गाडीपासून किती सेंटिमीटरवर येतो हेही विचारा. उत्तर मिळाले नाही तर निर्मात्याला लेखी कळवा. आणि सुट्टीला निघण्याआधी टोकाची उंची मोजून गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवा.