देशदर्शन की गडदर्शन?

आपला देश आपण डोळ्यांनी पाहिला पाहिजे, असा उपदेश हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी आहे, आणि उपदेश मुळात वाईट नाही. रविवारी पहाटे पुण्याहून निघावे, गुंजवण्यास गाडी उभी करावी, चोरदरवाज्याने राजगड चढावा, पद्मावतीस हात जोडावे, बालेकिल्ल्यावर छायाचित्रे काढावीत, पिठले-भाकरी खावी आणि दिवेलागणीस घर गाठावे. एवढे झाले की इतिहास कळला, सह्याद्री कळला, अशा समाधानात ही मंडळी सोमवारी कचेरीत जातात. आमचे म्हणणे असे की, ह्यात देशदर्शन मुळीच घडत नाही. घडते ते गडदर्शन. आणि तेही अर्धेमुर्धे, कारण ज्या खोऱ्याने गड उभा केला व राखला, त्या खोऱ्याकडे पाठ करूनच तो चढला जातो.

ही तक्रार आजच करावयास कारण आहे. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत राजगड आहे. १४०३ मीटर उंचीचा शेजारचा तोरणा नाही. त्याच वर्षी वेल्हे तालुक्याचे नाव बदलून ‘राजगड’ करण्यात आले. ह्या गौरवाचा आनंद आम्हांसही आहे. परंतु त्या नोंदीतला शब्द जरा नीट वाचावा. तेथे नुसते ‘किल्ले’ म्हटलेले नाही, ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ असे म्हटले आहे. हे नाव आपल्याच देशाने धाडले होते. त्यातला ‘भूप्रदेश’ आपणच विसरावा आणि तटबंदी तेवढी ध्यानात ठेवावी, हे नवल होय.

ह्या मुलखाची जुनी ओळख गडांवरून नव्हती, नद्यांवरून होती. गुंजवणीचे गुंजण मावळ, कानंदीचे कानद खोरे, वेळवंडीचे वेळवंड खोरे, आणि नीरेच्या अंगाने हिरडस मावळ व रोहिडखोरे. आमच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या पदवीधरास ही नावे विचारून पाहावीत. वर्डस्वर्थच्या सरोवरप्रांताविषयी मात्र तो घटकाभर बोलेल. आणि तेथेही त्याने वर्डस्वर्थ पुरता वाचलेला नसतो. त्या कवीने आपल्या प्रांताचे एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले आहे. त्यात शिखरे आहेतच. पण मेंढपाळांची घरे कशी बांधलेली असतात, बाहेरून आणून लावलेल्या झाडांनी डोंगराची शोभा कशी बिघडते, ह्यांवरही त्याने मन लावून लिहिले आहे. आमच्याकडील गडमार्गदर्शकांत काय असते? वाट किती तासांची, पाण्याचे टाके कोठे, आणि मुक्कामास देऊळ आहे की नाही!

गडावरून काय दिसत नाही, ते एका उदाहरणाने सांगतो. १६५९ साली अफजलखान चालून आला, तेव्हा मावळच्या देशमुखांस विजापूरची फर्माने आली. रोहिडखोऱ्यातील कारीचे कान्होजी जेधे आपले फर्मान घेऊन पुत्रांसह शिवाजी महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. त्याच खोऱ्यातला खंडोजी खोपडे खानास जाऊन मिळाला. एकाच खोऱ्यातली, एकाच पावसावर पिकणारी ही दोन घराणी. मग एक इकडे आणि एक तिकडे का गेले? ह्या प्रश्नाचे उत्तर बुरुजांत नाही. ते देशमुखीच्या तंट्यांत, शिवारांच्या हद्दींत, भाऊबंदकीत शोधावे लागते. स्वराज्य म्हणजे काय जोखीम होती, हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल त्याने प्रथम हा तंटा समजून घ्यावा. पुढच्याच वर्षी पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना खिंडीत बाजीप्रभूंबरोबर जे बांदल पडले, तेही हिरडस मावळचे, भात लावणाऱ्या गावांतले.

आणि खुद्द महाराजांची जन्मतिथी कोठे सापडली? कारीच्या जेध्यांच्या दप्तरात. मंडालेहून सुटून दोनच वर्षे झालेल्या, राजकारणात गळ्यापर्यंत बुडालेल्या टिळकांनी ती शकावली १९१६ साली प्रसिद्ध केली. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी तीत होती. पूर्वी १६२७ धरून चालणाऱ्यांस तेव्हापासून उत्तर द्यावे लागले. आज त्या तिथीस लाखो लोक गडांवर जातात. कारी कोठे आहे हे त्यांतल्या किती जणांस ठाऊक आहे?

इतिहास जुना म्हणून सोडला, तरी अर्वाचीन गोष्टींतही हेच. वेळवंडीवरचे भाटघरचे धरण १९२७ साली पुरे झाले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जाते आणि तेथे ऊस उभा राहतो. इकडे खोऱ्यातली भातखाचरे पाण्याखाली गेली. पानशेत म्हटले की पुणेकरांस १२ जुलै १९६१ चा पूर आठवतो. ते साहजिक आहे. पण धरण फुटण्यापूर्वी ते बांधले गेले होते, आणि आंबी नदीच्या काठची कोणाची तरी शिवारे त्याच्या पोटात होती, हे आठवणारा पुणेकर आम्हांस क्वचितच भेटला.

कोणी म्हणेल की, प्रवासी आले म्हणजे गावास चार पैसे मिळतात; तुमच्या खोऱ्याच्या ज्ञानाने कोणाची चूल पेटणार? पैसे मिळतात, हे खरे. पिठले-भाकरी विकणाऱ्या बाईंचा धंदा बुडावा अशी आमची इच्छा नाही. परंतु जो मनुष्य खाचर आणि वरकस जमीन ह्यांतला भेद जाणत नाही, त्यास उतारावरची नाचणीची जागा ओसाड माळ वाटते, आणि ओसाड माळ विकत घेऊन त्यावर बंगला बांधावयास त्याचे मन कचरत नाही. मावळच्या जमिनी अशाच डोळ्यांदेखत जात आहेत. अज्ञानाची किंमत येथे रुपयांत मोजली जाते, आणि ती अज्ञानी मनुष्य भरीत नाही.

तर मग गडावर जाऊच नये काय? अवश्य जावे. पण महाविद्यालयांनी सहली काढावयाच्या तर एक दिवस गडास आणि तीन दिवस खोऱ्यास द्यावेत. विद्यार्थ्यांनी भोरच्या पंतसचिवांचा वाडा पाहावा आणि १९४८ साली ते संस्थान विलीन झाल्यावर कचेऱ्या कोठे गेल्या, कागद कोठे गेले, ह्याची चौकशी करावी. आषाढात लावणीच्या वेळी चिखलात उभे राहावे. वरंध घाटाने महाडकडे उतरून, देश आणि कोकण ह्यांची बोली कोणत्या गावापाशी बदलते ते कान देऊन ऐकावे. उन्हाळ्यात भाटघरचे पाणी ओसरले की कांबरेश्वराचे देऊळ वर येते. ते पाहावयाचे असेल तर पावसाच्या आत जावे लागते, कारण पुढे पाणी चढते आणि ते पुन्हा बुडते.